क्लॅमिडिया: औषध आधी, ओळख मागाहून

जिवाणूंमुळे होणाऱ्या लैंगिक संसर्गांपैकी जगात सर्वांत जास्त आढळतो तो क्लॅमिडिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ या वयोगटातल्या सुमारे १२ कोटी ९० लाख जणांना त्याची नव्याने लागण झाली. गोनोरियाचा आकडा होता ८ कोटी २० लाख. तरीही गरमी (सिफिलिस) आणि परमा (गोनोरिया) ही नावं पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी आहेत आणि क्लॅमिडियाचं नाव अनेकांना पहिल्यांदा कळतं ते तपासणीच्या अहवालावरच. या रोगावर चालणारं औषध डॉक्टरांच्या हाती आलं, तेव्हा रोग कशामुळे होतो हेच ठाऊक नव्हतं.

त्याचा पहिला माग लागला तोही भलत्याच कामात. गोनोरियाचा जिवाणू शोधणारे आल्बर्ट नायसर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिफिलिसच्या अभ्यासासाठी जावा बेटावर गेले होते. त्यांच्या मोहिमेतल्या हालबरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांनी १९०७ मध्ये खुपरीच्या, म्हणजे डोळ्यांच्या ट्रॅकोमाच्या, रुग्णांच्या पापण्यांतला स्राव ओरांगउटानांच्या डोळ्यांना लावला. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या आत त्यांना बारीक कणांचे पुंजके दिसले. दोनच वर्षांत तसेच पुंजके काही नवजात बाळांच्या सुजलेल्या डोळ्यांत सापडले आणि त्यांच्या आयांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींतही. डोळा आणि जननमार्ग यांचा धागा तेव्हाच हाताला लागला होता, पण तो पुढे कुणी नेटाने ओढला नाही.

कारण हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. इतर जिवाणू काचेच्या बशीत, पोषक जेलीवर वाढतात. क्लॅमिडियाला जिवंत पेशी लागते. पेशीबाहेर तो जेमतेम ०.३ मायक्रोमीटरचा निपचित कण असतो. आत शिरला की फुगतो, दुभंगत वाढतो, दोन-तीन दिवसांत पुन्हा कणांच्या रूपात येतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. अशा वागण्यामुळे त्याला अर्धशतकभर विषाणूच मानलं गेलं.

ही कोंडी फुटली बीजिंगमध्ये. तांग फेइफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर तो वाढवून दाखवला. १९५७ मध्ये ते काम जगासमोर आलं. हाच ट्रॅकोमाचा जंतू, हे सिद्ध करायला तांग यांनी स्वतःच्या डोळ्याला लागण करून घेतली. १९५८ मध्ये राजकीय छळाला सामोरं जावं लागल्यावर त्यांनी आयुष्य संपवलं. वैद्यकाच्या इतिहासात त्यांना मिळालेली जागा फारच तोकडी आहे, असं मला वाटतं. त्यांच्याच पद्धतीने १९५९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एका बाळाच्या आईच्या गर्भाशयमुखातून हा जंतू वेगळा काढला. तो विषाणू नसून जिवाणूच आहे, हे १९६०च्या दशकात मान्य झालं.

एव्हाना दवाखान्यांत एक कोडं जुनं झालं होतं. गोनोरियाला पेनिसिलिन दिलं की तो बरा व्हायचा, पण काही पुरुषांची लघवीची जळजळ आणि स्राव पुन्हा सुरू व्हायचा. स्रावात गोनोरियाचा जंतू दिसत नसे, म्हणून ‘गोनोरिया नसलेला मूत्रमार्गदाह’ असं नकारातलं निदान लिहिलं जाई. अशा रुग्णांना १९५०च्या दशकापासून टेट्रासायक्लिन देत आणि ते लागूही पडे. कशावर, ते माहीत नव्हतं. यातले बरेच रुग्ण क्लॅमिडियाचे होते, हे १९७०च्या दशकात पेशींवर जंतू वाढवायची सोय झाल्यावर उलगडलं.

मात्र खरं नुकसान स्त्रियांचं होत होतं. बहुसंख्य स्त्रियांना काहीच लक्षणं जाणवत नाहीत आणि संसर्ग हळूहळू गर्भनलिकांपर्यंत चढू शकतो. १९७७ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरातल्या डॉक्टरांनी सुजलेल्या गर्भनलिकांतूनच क्लॅमिडिया वेगळा काढला. नलिकांवर व्रण पडून येणारं वंध्यत्व आणि गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा, या दोन्हींमागचं हे एक मोठं कारण ठरलं.

१९९०च्या दशकात जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचण्या आल्या आणि नुसत्या लघवीच्या नमुन्यावर निदान होऊ लागलं. त्यांनाही जंतूने एकदा चकवलं. २००६ मध्ये स्वीडनमध्ये रुग्णसंख्या अचानक घटलेली दिसली. प्रत्यक्षात चाचण्या जंतूच्या ज्या जनुकीय तुकड्यावर बेतलेल्या होत्या, त्यातलाच भाग गळालेला एक नवा प्रकार तिथे पसरला होता. रुग्ण होते, पण अहवाल ‘निगेटिव्ह’ येत होते. चाचण्या बदलाव्या लागल्या.

उपचारांचा प्रवास त्यामानाने साधा. १९९०च्या दशकात ॲझिथ्रोमायसिनचा १ ग्रॅमचा एकच डोस सोयीचा म्हणून रूढ झाला. पण गुदमार्गाच्या संसर्गात तो कमी पडतो, असं दिसून आलं: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुरुषांवरच्या एका चाचणीत डॉक्सिसायक्लिनने सुमारे ९७ टक्के बरे झाले, ॲझिथ्रोमायसिनने ७६ टक्के. आता अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस हा पहिला पर्याय आहे. गरोदर स्त्रियांना मात्र ॲझिथ्रोमायसिनच देतात. जोडीदारावर उपचार झाले नाहीत, तर लागण पुन्हा होते. म्हणून दोघांनाही औषध, ते पूर्ण होईपर्यंत (एकच डोस असेल तर त्यानंतर सात दिवस) संबंध टाळणं आणि साधारण तीन महिन्यांनी फेरतपासणी, असं सांगतात. गोनोरियाच्या जंतूने एकामागून एक औषधं निकामी केली. क्लॅमिडियाने माणसांत अजून तरी तसं केलेलं नाही.

वाद आहे तो तपासणी कुणाची करावी यावर. इंग्लंडने २००३ पासून २५ वर्षांखालच्या तरुण-तरुणींसाठी व्यापक तपासणी सुरू केली. २०२१ मध्ये धोरण बदललं: संसर्गाचा प्रसार रोखण्यापेक्षा त्याने होणारी हानी टाळणं हे उद्दिष्ट ठरलं आणि लक्षणं नसताना आपणहून तपासणी सुचवायची ती प्रामुख्याने तरुण स्त्रियांना, असं ठरलं.