सिग्नल-संदेश प्रकल्पाची चाचणी

सी भाषा आणि युनिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक सराव-प्रकल्प आणि तो तपासण्याची रीत. प्रकल्पात सर्व्हर व क्लायंट असे दोन प्रोग्रॅम लिहायचे असतात. सर्व्हर सुरू होताच आपला पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा (प्रोसेसचा) क्रमांक, पडद्यावर छापतो. तो आकडा आणि मजकूर क्लायंटला दिला की मजकूर सर्व्हरच्या पडद्यावर उमटला पाहिजे. फाइल, पाइप, सॉकेट यांतले काहीही वापरायचे नाही. सिग्नल म्हणजे एका प्रोसेसने दुसऱ्या प्रोसेसला दिलेला नुसता इशारा; त्यातले सिग-यूझर-वन आणि सिग-यूझर-टू हे दोन तेवढे हाताशी. एकाचा अर्थ ०, दुसऱ्याचा १. असा एक ० किंवा १ म्हणजे एक बिट; आठ बिटांचा, म्हणजे आठ सिग्नलांचा, एक बाइट. पॅरिसमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या ‘फोर्टी-टू’ या संस्थेच्या अभ्यासक्रमात हाच प्रकल्प ‘मिनीटॉक’ नावाने आहे.

भुसावळच्या शेजारी राहणाऱ्याला सिग्नल म्हटले की रेल्वेचा खांब आठवतो, पण इथे ती उपमा चालत नाही. जवळची उपमा मिस्ड कॉलची. रात्री शेतात लाइट आली की गडी मालकाला मिस्ड कॉल देतो; बोलणे काहीच नाही, नंबर दिसला की अर्थ कळला. सिग्नलचेही तसेच. त्यात मजकूर नसतो. मात्र सिगअ‍ॅक्शन हे फंक्शन नीट वापरले, तर कोणत्या प्रोसेसने तो पाठवला हे कळते. फरक एकच, आणि सगळी चाचणी त्याच्याभोवती फिरते: फोन दोन मिस्ड कॉल मोजून दाखवतो, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मोजत नाही. पहिला सिग्नल हाताळायचा बाकी असताना तोच सिग्नल पुन्हा आला, तर दोन्ही मिळून एकच धरला जातो. एक बिट गळला की पुढचे सगळे बिट एका घराने सरकतात आणि पडद्यावर कचरा येतो.

यावर विद्यार्थ्यांचा आवडता उपाय म्हणजे दोन सिग्नलांमध्ये यूस्लीप या फंक्शनने थोडे थांबणे. स्वतःच्या लॅपटॉपवर १०० मायक्रोसेकंद पुरतात, प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर पुरत नाहीत. आकडा वाढवावा तर वेग जातो: १०० इंग्रजी अक्षरे म्हणजे ८०० सिग्नल, आणि ‘मिनीटॉक’मध्ये त्यांना एक सेकंद लागणेही फार मानतात. म्हणजे प्रत्येक सिग्नलला सव्वा मिलिसेकंदसुद्धा मिळत नाही. खरा उपाय पोचपावतीचा: सर्व्हरने बिट मिळाल्याचा सिग्नल उलट पाठवावा, तोवर क्लायंटने थांबावे. इथेही एक खड्डा आहे. किल (सिग्नल पाठवणारे फंक्शन) केल्यावर आणि पॉज (सिग्नल येईपर्यंत थांबवणारे फंक्शन) सुरू होण्याआधी पावती येऊन गेली, तर क्लायंट कायमचा झोपतो. हे क्वचितच घडते, म्हणून एकच संदेश पाठवून ‘चालतंय’ म्हणण्यात अर्थ नाही. तोच संदेश लूपमध्ये हजार वेळा पाठवावा. सिग्नल आधी ब्लॉक करून (रोखून धरून) पॉजऐवजी सिगसस्पेंड (रोख उठवणे आणि थांबणे एकाच पावलात करणारे फंक्शन) वापरले की हा खड्डा बुजतो.

‘हॅलो’ हा शब्द इंग्रजीत पाठवणे ही सर्वांत निरुपयोगी चाचणी. खानदेशातल्या विद्यार्थ्याला घरचेच शब्द पुरतात. ‘भरीत’ दिसायला तीन अक्षरे, पण भ, र, दीर्घ ईची वेलांटी आणि त असे चार कोड. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १२ बाइट आणि ९६ सिग्नल. ‘पोऱ्या’ त्याहून खट्याळ. ‘ऱ’चा स्वतंत्र कोड वापरून टाइप केला तर १८ बाइट होतात, ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरला तर २१. पडद्यावर दोन्ही सारखेच. बाइट जसेच्या तसे पोचवणाऱ्या प्रोग्रॅमला याने काही फरक पडत नाही. अक्षरे मोजत बसणारा, किंवा १२७ च्या पुढचा बाइट ऋण धरून गोंधळणारा, इथेच उघडा पडतो.

याशिवाय रिकामा मजकूर, काही हजार अक्षरांचा मजकूर, सर्व्हर बंद न करता लागोपाठ संदेश आणि एकाच वेळी दोन क्लायंट हे पाहिले जाते. सिग्नलांचे आकडे थेट लिहिलेत का हेही पाहावे: लिनक्सवर सहसा १० आणि १२, मॅकवर ३० आणि ३१. हँडलरमध्ये, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, प्रिंटएफ असेल तर गुण कापावेत. तिथे राइट हेच सुरक्षित.

चुकीच्या पीआयडीची चाचणी मात्र जपून. या सिग्नलांना हँडलर नसेल, तर ते प्रोसेस मारतात. पीआयडीच्या जागी ‘अबक’ दिले की एटॉय (मजकुराचा आकडा करणारे फंक्शन) त्याचा शून्य करते, आणि शून्याला पाठवलेला सिग्नल क्लायंटच्या अख्ख्या प्रोसेस-गटाला जातो. चाचणीची स्क्रिप्टही त्यात मरते. उणे एक दिले तर आपल्या लॉगिनखालच्या झाडून सगळ्या प्रोसेसना तो पोचतो. ही चाचणी शेवटी ठेवावी, आणि तिच्याआधी उघड्या फाइली सेव्ह कराव्यात.