सूर्यास्तानंतरची अटक : अर्धे खरे विधान

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही विषय निघाला, की सूर्यास्तानंतर पोलीस स्त्रीला अटक करूच शकत नाहीत, असे कोणीतरी ठामपणे सांगतो. हे अर्धेच खरे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 नुसार अशी अटक एरवी निषिद्ध असली, तरी अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकारी लेखी अहवाल देऊन आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन ती करू शकते.

शिवाय हा नियम अटकेच्या वेळेपुरता आहे. दुपारी अटक झालेली स्त्री रात्री कोठडीतच असू शकते, आणि धोका असतो तो तिथे. पत्रकार शीला बर्से यांनी कोठडीतील स्त्रियांसाठी न्यायालयात नेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, असे महाराष्ट्राला बजावले होते. गावगप्पांत मात्र सूर्यास्तच तेवढा उरला. पोलीस ठाण्यात वा कोठडीत पोलिसाने बलात्कार केल्यास किमान 10 वर्षे सक्तमजुरी आहे, आणि शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर संमती नव्हती असे पीडितेने न्यायालयात सांगितले, तर न्यायालय तसेच गृहीत धरते; उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते.