वर्ष भरलं म्हणजे इन-स्टेट झालात असं नाही

अमेरिकेत एखाद्या राज्यात राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. भाडेकरार, विजेचं बिल, संपलं. पण 'वर्षभर राहा, मग लॉ किंवा मेडिकलला इन-स्टेट फी (सरकारी कॉलेजांत राज्यातल्या रहिवाशांना लागते ती कमी फी) लागते' हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्याचा मला वीट आला आहे. पोरं त्या भरवशावर कर्जाचे आकडे मांडतात.

वर्ष ही फक्त पहिली अट. खरा प्रश्न पुढचा: इथे आलात कशासाठी? 'शिकायला' असं उत्तर असेल, तर वर्षं कितीही मोजा, सहसा परराज्याचीच फी भरावी लागते. फ्लोरिडाचा कायदा शिक्षणापुरतं केलेलं तात्पुरतं बिऱ्हाड वास्तव्य म्हणून धरतच नाही. टेक्ससमध्ये नोकरी हा कायमच्या वास्तव्याचा पुरावा ठरतो, पण टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप नाही, कारण ती विद्यार्थी म्हणूनच मिळालेली असते. हे अनेकांना दुसऱ्या वर्षाचं बिल आल्यावर कळतं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत 366 दिवसांची हजेरी लागतेच, शिवाय जुन्या राज्याशी नाळ तोडल्याचं दाखवावं लागतं. लायसन्स ओहायोचं, टॅक्स ओहायोत आणि फी मात्र कॅलिफोर्नियाची, हे चालत नाही.

परराज्याचा हा शिक्का कायमचा मात्र मारता येत नाही. प्रवेशाच्या वेळी बाहेरचा म्हणजे शेवटपर्यंत बाहेरचा, हा कनेक्टिकटचा नियम सुप्रीम कोर्टाने 1973 मध्ये रद्द केला. पण राज्याचे रहिवासी झालात हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावरच. म्हणून माझं स्पष्ट मत: आधी त्या राज्यात जाऊन नोकरी धरा, मग अर्ज करा. टेक्ससच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत किमान 90 टक्के जागा राज्यातल्यांना जातात, म्हणजे तिथे फीच्याही आधी प्रवेशाचा प्रश्न आहे.

व्हिसाचं थोडक्यात: एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये इन-स्टेट फीची वाट बंद, एच-4 (एच-1बीसारख्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदाराचा, मुलांचा व्हिसा) वर उघडी. टॅक्सच्या नियमांतला 'रेसिडेंट' (रहिवासी) वेगळा, तो इथे आणूच नका. बहुतेक खासगी कॉलेजांत सगळ्यांना फी एकच.

आणि जन्म कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा, शाळा पुण्यातली, आईबाबाही पुण्यातच, असं असेल तर? अमेरिकन पासपोर्टवर फेडरल (केंद्र सरकारचं) शैक्षणिक कर्ज मिळू शकतं. इन-स्टेट फी त्याच्यावर मिळत नाही.