परळच्या गिरणीकामगार बायका आणि मार्माइटची बरणी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर रक्ताच्या स्लाइडी बघायच्या. ॲनिमिया म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना आयर्नच आठवतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, आयर्न कमी असेल तर लाल पेशी बारीक आणि फिकट दिसतात. पण मधूनच अशी स्लाइड येते की पेशी उलट मोठ्या, फुगलेल्या, लांबट अंड्यासारख्या, आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे तीन-चारच्या जागी पाच-सहा तुकडे. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, तो 80 ते 100 असावा, तर इथे 112 वगैरे. परवा एका सात महिन्यांच्या गरोदर मुलीची अशीच स्लाइड आली, हिमोग्लोबिन सात सुद्धा नव्हतं.

या मोठ्या पेशींचं कोडं सुटायला सुरुवात झाली ती आपल्या मुंबईत, आणि हे किती कमी लोकांना माहितीये!

1928 साली लुसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या बायका गरोदरपणात भयंकर ॲनिमियाने आजारी पडत होत्या, मरतही होत्या, आणि कारण कुणालाच कळत नव्हतं. तिने आधी वाटलं तसं जंतू शोधले, पोटातलं इन्फेक्शन असेल म्हणून बघितलं, काही सापडेना. मग ती या बायका काय खातात ते बघायला लागली, आणि तिथे चित्र स्पष्ट होतं, ज्या घरात पैसा सगळ्यात कमी, दूध-फळं-भाज्या ताटात जवळजवळ नाहीतच, तिथे हा आजार जास्त. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने काम केलं, म्हणजे गिरणगावाच्या अगदी मधोमध. उंदरांना या बायकांसारखाच आहार दिला, पण तो प्रयोग फसला कारण उंदरांना उवांमधून पसरणारं वेगळंच इन्फेक्शन होतं आणि त्यानेच त्यांचं रक्त कमी होत होतं. मग माकडांवर प्रयोग. त्यातलं एक माकड अगदी जायला आलेलं, तेव्हा काहीच सुचेना म्हणून त्याला मार्माइट दिलं, म्हणजे यीस्टचा तो काळा खारट अर्क जो इंग्लिश लोक ब्रेडला लावून खातात, आणि माकड सुधारलं. मग बायकांना दिलं, त्याही सुधारल्या! 1931 साली तिने हे छापलं.

पण मला तिचं खरं कौतुक याच्या पुढच्या गोष्टीसाठी वाटतं. तेव्हा पर्निशस ॲनिमिया नावाच्या दुसऱ्या एका ॲनिमियावर लिव्हरचा अर्क हा नवा उपाय मिळाला होता, आणि त्यातही पेशी अशाच मोठ्या दिसतात. तिच्या लक्षात आलं की शुद्ध केलेला लिव्हर अर्क या बायकांना लागू पडत नाही पण कच्चा, फार शुद्ध न केलेला अर्क आणि मार्माइट लागू पडतं. म्हणजे स्लाइड सारखी दिसली तरी कमतरता दोन वेगळ्या! पर्निशसमध्ये कमी पडणारं निघालं बी12 जीवनसत्त्व, आणि या बायकांमध्ये कमी पडणाऱ्या दुसऱ्या घटकाला बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’च म्हणायचे. 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं, लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात म्हणून नाव पडलं फोलिक ॲसिड. आणि ते कारखान्यात बनवायची रीत 1945 च्या सुमारास अमेरिकेत ज्यांच्या टीमने शोधली ते होते आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

आता पेशी मोठी का होते? डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक अक्षर बनवायला फोलेट, म्हणजे हेच फोलिक ॲसिड अन्नात असतं त्या रूपात, लागतं. ते नसलं की पेशी वाढत राहते पण दोन होऊ शकत नाही कारण डीएनएची कॉपीच पूर्ण होत नाही, आणि अशा कितीतरी अर्धवट पेशी हाडातल्या मगजातच मरतात. गरोदरपणात तर बाळ, वार, आईचं वाढतं रक्त, सगळीकडे पेशी भराभर दुप्पट होत असतात, त्यामुळे गरज खूप वाढते, आणि शरीरात फोलेटचा साठा असतो जेमतेम काही महिन्यांचा. म्हणून आधीच रिकामी असलेली बाई बरोबर तेव्हाच कोसळते.

आणि रक्त हा अर्धाच भाग झाला. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते. 28 दिवस! तेव्हा कित्येकींना पाळी चुकल्याचं सुद्धा नीट लक्षात आलेलं नसतं. 1991 साली सात देशांमधल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की ज्यांचं आधीचं बाळ ही नळी नीट बंद न झाल्याचा दोष घेऊन जन्मलं होतं त्या आयांनी गर्भ राहायच्या आधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. म्हणूनच बाळाचा विचार सुरू केला की किमान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करावी. शाळा-अंगणवाडीत मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी असते ना, त्यात आयर्नसोबत फोलिक ॲसिड असतं, आणि मुली ती मळमळतं म्हणून किंवा शी काळी होते म्हणून गुपचूप टाकून देतात हे बघून फार वाईट वाटतं, काळी शी आयर्नमुळे होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कुणीतरी नीट सांगायला हवं एवढंच.

खाण्यात म्हणाल तर हरभरा, मूग, चवळी, शेंगदाणे, मेथी, पालक. फोलेट पाण्यात उतरतं आणि फार शिजवलं की नासतं, म्हणून पालेभाजी उकळून पाणी ओतून देऊ नका. पुरण करताना डाळीचा कट बाजूला काढून आमटी करतात ती पद्धत मला म्हणूनच फार आवडते, डाळीतून उतरलेलं पुन्हा पोटातच जातं.

एक गोष्ट मात्र शाकाहारी घरांसाठी नीट वाचा. आज आपल्याकडे मोठ्या पेशींची स्लाइड आली तर बऱ्याचदा कारण बी12 निघतं, कारण ते कुठल्याही भाजी-डाळीत नसतं, फक्त दूध, अंडी, मासे, मटण यात. बी12 कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट चांगला दिसतो, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं, पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरायला होणं. त्या मुलीच्या बाबतीतही डॉक्टरांनी गोळी लिहायच्या आधी बी12 आणि फोलेट दोन्ही तपासायला पाठवलं, आणि दोन्ही कमी निघाले.