42 चा आकडा आणि बाटलीतले बॅक्टेरिया

एसटी स्टँडच्या मुतारीत नाक दाबायला लावणारा जो वास येतो ना, तो ताज्या लघवीचा नसतोच, बॅक्टेरिया तिच्यातला युरिया फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो, त्याचा असतो. एका धावपटूचं अख्खं करिअर या अमोनियापाशी येऊन अडकलं होतं.

डायान मोडाल, ब्रिटनची, 800 मीटर. 1990 ला ऑकलंड कॉमनवेल्थमध्ये गोल्ड. ऑगस्ट 1994 मध्ये तेच टायटल राखायला कॅनडात व्हिक्टोरियाला गेली आणि तिथे कळलं की जूनमध्ये लिस्बनला डोपिंग टेस्टसाठी दिलेलं लघवीचं सॅम्पल पॉझिटिव्ह आलंय. न धावताच परत. डिसेंबरमध्ये ब्रिटिश ॲथलेटिक फेडरेशनने दोषी ठरवून 4 वर्षांची बंदी घातली.

आता टेस्ट काय होती तर टेस्टोस्टेरॉन (स्नायू वाढवणारं पुरुषी हार्मोन) आणि त्याचा जुळा भाऊ एपिटेस्टोस्टेरॉन यांचं प्रमाण बघायचं. साधारणपणे दोन्ही सारखेच असतात, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की एकच वाढतो आणि प्रमाण बिघडतं. तेव्हा लिमिट 6 ला 1 होतं, हिचं आलं 42 ला 1! एवढा आकडा बघितल्यावर कोण कशाला पुढचं वाचतंय.

पण त्याच रिपोर्टमध्ये पीएचही होता, म्हणजे लघवी किती आंबट किंवा अल्कलाइन ते सांगणारा आकडा, जवळपास 9. ताजी लघवी साधारण 6 च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट, ती एवढी अल्कलाइन झाली म्हणजे बाटली उन्हाळ्यात फ्रिजबाहेर राहून आत बॅक्टेरिया माजलेत, वर सांगितलेला अमोनिया तो हाच. मँचेस्टरचे प्रोफेसर सायमन गॅस्केल यांनी दाखवलं की हे बॅक्टेरिया लघवीतल्या दुसऱ्या स्टेरॉइड्सपासून बाटलीतच टेस्टोस्टेरॉन बनवू शकतात, आणि बायकांच्या लघवीत ते मुळात इतकं थोडं असतं की जरा भर पडली तरी प्रमाण कुठल्या कुठे जातं. थोडक्यात दूध बाहेर ठेवून नासवायचं आणि मग गवळ्याला पकडायचं.

जुलै 1995 ला अपिलात सुटली, मार्च 1996 ला आंतरराष्ट्रीय फेडरेशननेही नाव क्लिअर केलं. मग तिने ब्रिटिश फेडरेशनवर टाकलेली नुकसानभरपाईची केस, ती हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत जाऊन आली, तोवर 1997 मध्ये फेडरेशनचंच दिवाळं वाजलेलं, आणि 2001 ला अपील कोर्ट म्हणालं की एकूण प्रोसेस फेअर होती, पैसे नाहीत.

मधल्या काळात, 1998 ला, क्वालालंपूर कॉमनवेल्थमध्ये तिने 800 मीटरचं ब्राँझ घेतलं.