गंगापूरचा विसर्ग आणि स्विचमधली रांग

गंगापूर धरणाचा विसर्ग कमी केला म्हणून रामकुंडावरचं पाणी लगेच ओसरत नाही, हे नाशिककरांना सांगायला नको. दरवाजे खाली आले तरी पात्रात आधीच निघालेलं पाणी दुतोंड्या मारुतीपाशी पोचणारच. डेटा सेंटरमध्ये सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेट स्विचची प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल (पीएफसी) ही सेटिंग नेमकी याच हिशोबावर चालते.

बफर (स्विचमधली तात्पुरती साठवण) भरला की पुढचं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, टाकून द्यायचं, हा इथरनेटचा मूळ स्वभाव. वेबसाइट बघताना ते खपून जातं, कारण टीसीपी (डेटा पोचवण्याची नियमावली) हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवतं. पण आरडीएमए तंत्रात एका सर्व्हरच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत डेटा थेट जातो. तिथे एक पॅकेट गळालं तर बरीच नेटवर्क कार्डं तिथपासून पुढचं सगळं पुन्हा पाठवतात, आणि एआय मॉडेलचं प्रशिक्षण करणारे जीपीयू (गणनेचे चिप) खोळंबून बसतात.

यावर १९९७ मध्ये ‘थोडं थांब’ असा निरोप देणारी पॉज फ्रेम आली होती, पण ती अख्खी लिंक थांबवायची. २०११ च्या आसपास आलेल्या ८०२.१क्यूबीबी मानकाने, म्हणजेच प्रायॉरिटी फ्लो कंट्रोलने, वाहतुकीच्या आठ प्रायॉरिटींपैकी (वर्गांपैकी) हवी तेवढीच थांबवायची सोय केली. पीएफसीच्या एका फ्रेममध्ये आठ टायमर असतात. १०० गिगाबिटच्या लिंकवर एका फ्रेमने जास्तीत जास्त सुमारे ३३५ मायक्रोसेकंद थांबवता येतं. टायमरमध्ये शून्य पाठवलं की वाहतूक सुरू.

मला यातला सर्वांत देखणा भाग वाटतो तो हेडरूमचा. ‘थांब’ म्हटल्यावरही वाटेतला डेटा येतच राहतो, त्याच्यासाठी राखून ठेवलेली जागा म्हणजे हेडरूम. केबल १०० मीटरची धरा. फायबरमध्ये प्रकाशाला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन १ मायक्रोसेकंद. तेवढ्यात १०० गिगाबिटच्या वेगाने १२,५०० बाइट येऊन पडतात. शिवाय आपली पॉज फ्रेम पोर्टवर एखाद्या ९,००० बाइटच्या जंबो फ्रेममागे अडकलेली असू शकते, आणि पलीकडच्यानेही तशीच एक फ्रेम नुकतीच सोडलेली असू शकते. गेले ३०,००० बाइट, तेही एका पोर्टच्या एकाच प्रायॉरिटीसाठी! म्हणून लॉसलेस (पॅकेट न गाळणाऱ्या) रांगा एक-दोनच ठेवतात. केबल लांबली की हा आकडा वाढवावाच लागतो.

प्रायॉरिटीची जुळणी दोन्ही टोकांना सारखी हवी. सर्व्हरने पॅकेटवर डीएससीपी (पॅकेटचा वर्ग सांगणारा आकडा) २६ चा शिक्का मारला आणि स्विचने तो, समजा, लॉसलेस ठेवलेल्या ३ क्रमांकाच्या प्रायॉरिटीला जोडलाच नाही, तर पॅकेटं साध्या रांगेत जाऊन मुकाट्याने गळतात. पीएफसी चालू दिसतं, पण उपयोग शून्य.

पॉज मागे मागे पसरतो, हा खरा धोका. एक बिघडलेलं कार्ड सतत ‘थांब’ म्हणत राहिलं तर स्विचमागून स्विच अडत जातात. म्हणून ईसीएनचा (गर्दी होतेय अशी खूण पॅकेटवर करणाऱ्या सोयीचा) उंबरठा पीएफसीच्या आधी लागेल असा ठेवावा, म्हणजे पाठवणारा वेळीच वेग कमी करतो. तरीही एखादी रांग अडूनच राहिली, तर पीएफसी वॉचडॉग ठरावीक मिलिसेकंदांनंतर त्या लॉसलेस रांगेतली पॅकेटंच टाकून देतो आणि बाकीचं नेटवर्क मोकळं करतो.