तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरचा इंग्रज लष्करी पत्रव्यवहार

फेब्रुवारी १८१८ ते एप्रिल १८१९ या काळात दख्खन, खानदेश व माळव्यातील ईस्ट इंडिया कंपनीच्या छावण्यांतून गेलेली पत्रे, अहवाल व जाहीरनामे. खडकी, सीताबर्डी आणि महिदपूरच्या लढाया आधीच होऊन गेल्या होत्या. उरले होते किल्ले, पळतीवर असलेला पेशवा दुसरा बाजीराव आणि बिथरलेले जहागीरदार. पत्रांचा भर त्यांच्यावरच आहे.

पत्राच्या माथ्यावर छावणीचे गाव व तारीख असे. मजकूर क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत लिहीत, कारण उत्तरात 'परिच्छेद अमुक' एवढे म्हणून भागे. सोबत जखमी-मृतांची हुद्देवार यादी जोडत. तीत युरोपीय व देशी शिपाई वेगळे मोजत. शत्रूच्या मृतांचा आकडा मात्र अंदाजाचा. तो जपूनच वापरावा. जासूद वाटेत लुटला जाण्याची भीती असल्याने महत्त्वाच्या पत्राच्या प्रती वेगवेगळ्या वाटांनी धाडत. लंडनला कागद पोहोचायला महिनोन्‌महिने लागत, त्यामुळे तिथून आदेश येईपर्यंत निर्णय होऊन गेलेला असे. पुण्याच्या रेसिडेन्सीची इमारत खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी जाळली गेली. तिथला रेसिडेंट, म्हणजे पेशव्याच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन याचे ग्रंथ व कागद तीत गेले.

जाहीरनामा हे शस्त्रच होते. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याहून एल्फिन्स्टनने काढलेल्या जाहीरनाम्यात दोन महिन्यांत घरी परतणाऱ्या जहागीरदारांना जमिनी राखून देण्याचे वचन होते. पेशव्याचे सैन्य फोडण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

कौल, म्हणजे अभयाचे वचन, लेखी नसला की काय होते, ते थाळनेरला दिसले. मंदसोरच्या तहाने होळकरांकडून मिळालेला हा तापीकाठचा किल्ला २७ फेब्रुवारीला दख्खनच्या इंग्रज सैन्याचा सेनापती हिस्लॉपने घेतला. शरणागतीच्या अटी तोंडी, दरवाजात, गोंधळात ठरत होत्या. काही इंग्रज अधिकारी दिंडी दरवाजातून आत शिरले आणि तिथेच हल्ल्यात सापडले. त्यानंतर शिबंदीची, म्हणजे किल्ल्यातल्या शिपायांची, कत्तल झाली, किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिली गेली. गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जने खुलासा मागवला. १८१९ मध्ये पार्लमेंटने सैन्याचे आभार मानताना थाळनेरचे प्रकरण त्यातून स्पष्टपणे वगळले.

माळव्यातला कंपनीचा सेनानी व मुत्सद्दी माल्कम याचे उलट. बाजीरावाचे वकील महूला आल्यावर त्याने वरिष्ठांच्या मंजुरीची वाट न पाहता वर्षाला किमान ८ लाख रुपयांचे वेतन लिहून दिले. ३ जून १८१८ रोजी बाजीराव त्याच्या छावणीत दाखल झाला. रक्कम हेस्टिंग्जला फार वाटली. मग माल्कमची समर्थनाची पत्रे सुरू झाली. लांबणाऱ्या पाठलागाचा आणि शिंद्यांच्या अशीरगड किल्ल्याला वेढा द्यावा लागल्यास त्याचा खर्च पाहता हा सौदा स्वस्तच, हा त्याचा मुद्दा. दिलेला शब्द कंपनीने पाळला.

अशीरगडचा वेढा टळला नाहीच. एप्रिल १८१९ मध्ये गड पडला, तेव्हा किल्लेदार यशवंतराव लाडाच्या कागदांत शिंद्यांचे पत्र सापडले: पेशवा सांगेल ते करावे. याच पत्राच्या आधारे इंग्रजांनी गड शिंद्यांना परत केला नाही.